गंगापूर रोडचा फ्लॅट की पंचवटीतलं घर?

मिस्टरांच्या कंपनीत अमेरिकेहून आलेलं चौकोनी कुटुंब दोन वर्षं नाशकात राहणार, आणि घर शोधायचं काम आमच्याकडे आलं. शेवटी दोनच घरं उरली.

गंगापूर रोडचा फ्लॅट सोयीचा. लिफ्ट, इन्व्हर्टर, मुलांना खेळायला आवार. भाडं जास्त, आणि शेजारची दारं दिवसभर बंद. (तिकडचा १२० व्होल्टचा मिक्सर इथल्या २३० व्होल्टवर जळतो, तो दोन्हीकडे नवाच घ्यावा लागणार.)

पंचवटीतलं घर जुनं, दगडी जोत्याचं. पाणी सकाळीच येतं, भरून ठेवायचं. गाडी गल्लीत शिरत नाही. पावसाळ्यात गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर पाणी चढलंय, तिकडे लक्ष ठेवायचं; नाशकात पूर त्यावरूनच मोजतात. नदीकाठचा तळमजला मी कुणालाच सुचवणार नाही. हे घर वरच्या मजल्यावरचं होतं. बघायला गेलो तेव्हा खालच्या आजींनी या पाहुण्यांच्या धाकटीला ओट्यावर बसवलं आणि गरम भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवून दिला. पोरगी बोटं चाटत म्हणाली, "आजी, अजून." नाशकात येऊन तिला दोनच आठवडे झाले होते!

घरात लहान मुलं असतील तर मी पंचवटीच सांगेन. भाषा ओट्यावरच येते. अमेरिकेच्या वेळेने रात्रभर घरून काम करणारं एकटं माणूस असेल, तर फ्लॅट बरा. घर कुठलंही घ्या, परदेशी भाडेकरू राहायला आल्याची माहिती (पूर्वीचा सी फॉर्म) मालकाने २४ तासांत सरकारकडे ऑनलाइन भरायची असते, हे आधीच बोलून घ्या.