ग्रँड बेटाची स्कूबा सहल: पैसे किती, पाणी किती

पाठीला सिलेंडर बांधायचा आणि किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं, असं शोअर डायव्हिंग मनात धरून कोणी गोव्याला येत असेल तर तो बेत आधीच मोडलेला बरा. इथले किनारे वाळूचे, मंद उताराचे. कितीतरी आत पोहत गेलं तरी पाणी जेमतेम पुरुष-दीड पुरुष. त्यात मांडवी आणि झुवारी गाळ आणून टाकतात आणि लाटा तो ढवळत राहतात. मास्क लावूनही स्वतःचा हात दिसायची मारामार. म्हणून गोव्यात डायव्हिंग म्हणजे होडी, आणि होडी म्हणजे बहुतेक वेळा मुरगावच्या नैर्ऋत्येला असलेलं ग्रँड बेट.

या बेटाच्या नावावर दोन अगदी वेगळे माल विकले जातात. पहिला कळंगुट-बागाच्या रस्त्यावर टेबल टाकून मिळतो. साधारण दोन हजारांत डॉल्फिन, स्नॉर्केलिंग, गळाने मासे पकडणं, जेवण, बिअर, व्हिडिओ, आणि शिवाय स्कूबा. कोको बीच किंवा मालीम जेट्टीवरून सकाळी निघायचं, वाटेत आग्वादचा किल्ला आणि डॉल्फिन, मग बेटाच्या आडोशाला नांगर. होडीत माणसं भरपूर आणि सिलेंडर मोजके, त्यामुळे दिवसाचा मोठा भाग नंबर लागायची वाट बघण्यात जातो. नंबर आला की काठावर थोडा सराव, मग दोर धरून चार-पाच मीटर खाली. प्रशिक्षकाने मागून पकडलेलं असतं आणि समोर कॅमेरा. पाच-दहा मिनिटांत वर. याला फसवणूक म्हणता येणार नाही. पाण्याखाली श्वास घेता येतो हे कळायला एवढं पुरतं. पण हा स्कूबाचा नमुना आहे, स्कूबा नव्हे.

दुसरा माल पाडी किंवा एसएसआय या डायव्हिंग शिकवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांची मान्यता असलेल्या डाइव्ह सेंटरचा. किंमत दुपटी-तिपटीवर जाते. त्यात आधी उथळ, शांत पाण्यात सराव होतो: तोंडातून सुटलेला रेग्युलेटर, म्हणजे सिलेंडरची हवा तोंडात देणारं यंत्र, परत घेणं, मास्कमधलं पाणी नाकाने फुंकून काढणं. मग जास्तीत जास्त 12 मीटरपर्यंतची डाइव्ह, एका प्रशिक्षकाकडे मोजकीच माणसं. बोगमाळो किंवा बायण्याच्या बाजूने होडी निघत असेल तर बेट जवळ पडतं आणि उलट्याही कमी होतात.

बुकिंग करताना 'काय काय फ्री आहे' हे विचारू नका. 'पाण्याखाली किती मिनिटं' हे विचारा. 'हवा तेवढीच असते' या उत्तराला हिशेब आहे. 12 लिटरचा सिलेंडर 200 बार (बार हे दाबाचं माप) भरलेला असेल तर त्यात 2400 लिटर हवा. 50 बार राखून ठेवले तर वापरायला 1800. नवखा माणूस घाबरून मिनिटाला 25 लिटर ओढतो. 10 मीटरवर दाब दुप्पट, म्हणून 50. तरीही 36 मिनिटं होतात. दहा मिनिटांत वर काढतात ते हवा संपते म्हणून नाही, तोच सिलेंडर पुढच्या माणसाच्या पाठीवर जायचा असतो म्हणून.

दमा, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण यांची चौकशी करणारा वैद्यकीय फॉर्म पुढे आला नाही, तर तिथूनच परत फिरा.

होडीवर सामान तपासायला दोन मिनिटं लागतात. रेग्युलेटरमधून चार-पाच मोठे श्वास घ्या आणि नजर हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजवर ठेवा. श्वासागणिक काटा खाली झुकत असेल तर वॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही. हवेला तेलाचा किंवा डिझेलचा वास येत असेल तर तो सिलेंडर नकोच. कॉम्प्रेसरने धूर ओढलेला असतो किंवा फिल्टर संपलेला असतो. माउथपीसचे दातात धरायचे तुकडे चावून तुटलेले असतात, तेही बघा, नाहीतर जबडा दुखतो आणि पाणी आत येतं. दुसरा, अडचणीसाठीचा, बहुधा पिवळा, रेग्युलेटर लावलेलाच नाही असे सेट स्वस्त होडीवर दिसतात. ते नाकारायचे.

सगळ्यात जास्त त्रास कान देतात. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, ते दुखायला लागण्याआधी आणि दर अर्ध्या मीटरला. दुखलंच तर मीटरभर वर या, मग पुन्हा फुंका. जोर लावून फुंकणं हा इलाज नव्हे. घाईतला प्रशिक्षक खाली ओढत असेल तर कानाकडे बोट दाखवून तळहात आडवा हलवा. सर्दी असेल तर गोळी घेऊन उतरू नका: खाली गोळीचा असर ओसरला तर वर येताना हवा आतच अडकते. आणि श्वास कधीही रोखायचा नाही. पाच मीटरवर भरून घेतलेली हवा वर येईपर्यंत दीडपट होते, त्यामुळे 'उथळच तर आहे' हा दिलासा खोटा.

मिशीवाल्यांचा मास्क गळतो. नाकाखालची एक पट्टी काढली तर सिलिकॉन कातडीला चिकटतं. मिशीला जपायचं असेल तर मास्कमधलं पाणीही चालवून घ्या.

ऑक्टोबर ते मे हा हंगाम असला तरी पावसाळ्याचा गाळ बसायला वेळ लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं. त्यातही तिथी बघा. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जोराने ये-जा करतं आणि तळ ढवळतो. अष्टमीच्या सुमाराला, भांगाच्या भरतीत, ते निवळतं. वारा दुपारी वाढतो, म्हणून सकाळचीच होडी. एवढं करूनही चार-पाच मीटर दिसलं तर दिवस चांगला म्हणायचा. तेवढ्यात तांबोसे, गोबरे, पोपटमासे, खडकातून डोकं काढणारी मोरे ईल आणि 'सुझीज रेक' या बुडालेल्या जहाजाचे गंजके अवशेष दिसतात. जाहिरातीतली रंगीत प्रवाळं आणि निळंशार पाणी बहुतेक वेळा दुसऱ्याच समुद्रातलं असतं.

स्वच्छ पाणी हवं असेल तर मडगावहून कोकण रेल्वेने मुर्डेश्वर गाठा आणि तिथून नेत्राणी बेट. किनाऱ्यावरूनच शिरायचा हट्ट असेल तर अंदमान. हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपावर, नेमो रीफमध्ये चालत शिरता येतं.

परतीचं गणित मात्र कुठल्याच पॅकेजात सांगत नाहीत. पाण्याखाली अंगात नायट्रोजन विरघळतो आणि उंचीवर हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात, म्हणून एका डाइव्हनंतर विमानाआधी किमान 12 तास थांबायचं, दोन किंवा जास्त असतील तर 18. मग विमान दाबोळीचं असो वा मोपाचं. कोल्हापूर-बेळगावकडे गाडीने जाणाऱ्यांनाही हे लागू आहे, कारण आंबोली आणि चोर्ला दोन्ही घाटमाथे 600 मीटरच्या वर आहेत. चार मीटरच्या दहा मिनिटांनी फारसं बिघडत नाही. पण 12 मीटरच्या दोन डाइव्ह करून त्याच संध्याकाळी घाट चढू नये. ती रात्र गोव्यातच काढा, आणि बिअर तेव्हा प्या.