हिरव्या कोंबाला मी भुलले

खोक्यातून कुंडी बाहेर काढली आणि नजर थेट कोंबावर गेली. पुढच्या बल्बच्या, म्हणजे ऑर्किडच्या फुगीर खोडाच्या, बुडाशी, बोटाच्या पेराएवढा, पोपटी, टोकदार. कॅटलिया जातीचं ऑर्किड घ्यायचं बरेच दिवस मनात होतं, आणि ऑनलाइन विकणाऱ्याने फोटोही नेमका त्या कोंबाचाच टाकला होता. 'पाच बल्ब, नवा फुटवा, फुलायच्या वयाचं रोप.' मोजले तर पाच बल्ब खरंच होते.

रोप मात्र कुंडीत हलत होतं. काडीला तारेने आवळलेलं, वरून मॉस (वाळवलेलं शेवाळ) दाबून भरलेलं. प्रवासात सैल झालं असेल, असं मीच मला समजावलं. चौथ्या दिवशी मधल्या बल्बवरचं कागदासारखं वाळकं आवरण सोललं, तर खाली ओला तपकिरी डाग. दाबून पाहिलं तर अंगठा आत रुतला आणि पाणी बाहेर आलं. वास फुलदाणीत आठवडाभर राहिलेल्या पाण्याचा.

विक्रेत्याला फोटो पाठवला. उत्तर लगेच आलं, अगदी गोड. "ताई, जुने बल्ब असेच होतात. कोंब फुटलाय ना? मग झाड जिवंत आहे. टेन्शन घेऊ नका."

यातलं अर्धं खरं आहे, तिथेच घोळ होतो. जुना बल्ब सुरकुततो, त्याची पानं गळतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण तो कोरडा आणि टणक असतो. मऊ पडलेला, पाणी सोडणारा बल्ब म्हातारा नसतो, कुजलेला असतो. हा फरक मला माहीत नव्हता. त्याला नक्की माहीत असणार, कारण ते आवरण नेमकं त्याच बल्बवर नीट गुंडाळून ठेवलेलं होतं.

मग त्याने कुजीवरचं 'खास औषध' सुचवलं. वेगळे पैसे देऊन मी ते मागवलंही! बाटलीत पांढरी पूड. लेबल नाही, घटक नाहीत, प्रमाण नाही, मुदतीची तारीख नाही. रोज पाण्यात कालवून मुळाशी ओतायची, पंधरा दिवसांत फरक दिसेल. मी इमानेइतबारे ओतली. कुजणाऱ्या ऑर्किडला रोज पाणी म्हणजे कुजीलाच खुराक, हे आता लिहिताना स्वतःचाच राग येतो. पण त्या दिवसांत कोंब वाढत होता, चांगला दीड सेंटिमीटर. मी फोटो पाठवायचे, तिकडून अंगठा यायचा.

कोंब मुळांच्या जोरावर वाढत नव्हता. कॅटलियाचा बल्ब म्हणजे पाण्याचं आणि अन्नाचं कोठार; मुळं मेली तरी त्या साठ्यावर फुटवा काही दिवस वर येत राहतो. दाखवायला याहून सोयीचं दुसरं काय हवं!

सोळाव्या दिवशी शेजारचा बल्बही बुडाशी काळवंडला. पैसे परत मागितले तर तक्रारीची मुदत सात दिवसांची होती. ती त्या औषधाची वाट पाहण्यातच संपली होती. वर ऐकवलं, "पाणी जास्त झालं तुमच्याकडून, ताई."

त्या रात्री कुंडी उलटी केली. वरचं मॉस नवं, पण आत जुन्या काळ्या मॉसचा चिखलासारखा गोळा. मुळं चिमटीत धरून ओढली की साल निसटून यायची आणि हातात नुसता दोरा राहायचा. जिवंत मुळं दोन. मागचे दोन बल्ब म्हणजे पोकळ टरफलं. पाचातला कामाचा एकच, कोंबाचा.

बल्बांना जोडणारं आडवं खोड कापायला घेतलं. पहिला काप आतून तपकिरी. पातं ज्योतीवर तापवलं, गार होऊ दिलं, थोडं पुढे कापलं, तरी तपकिरी. प्रत्येक वेळी पातं तापवत गेले, नाहीतर कूज आपणच पुढे नेतो. चौथ्या कापाला आतला भाग स्वच्छ, फिका निघाला. तोवर कोंबाच्या मागे जेमतेम बोटभर खोड उरलं होतं. कापलेल्या तोंडाला दालचिनीची पूड लावली, मुळांना लागू दिली नाही, कारण ती मुळं सुकवते. दोन दिवस सावलीत उघडंच ठेवलं. मग छोट्या कुंडीत झाडाच्या सालीचे तुकडे भरून वर टेकवलं आणि हलू नये म्हणून काडीला बांधलं. पाणी फक्त कडेने, तेही बेताचं. कोंबाच्या पानांच्या बेचक्यात साचलं तर तोही सडतो.

आता घेण्याआधी मी व्हिडिओ मागते: रोप बुडाशी धरून हलवा, आवरणं सोलून प्रत्येक बल्बचं बूड दाखवा, जमलं तर कुंडीतून उचलून मुळं दाखवा. चांगला विक्रेता कुरकुरतो, पण दाखवतो. तिघांनी मला उत्तरच दिलं नाही, तेही बरंच झालं. आणि रोप हाती आल्यावर कुजीची शंका आली तर आधी तक्रार नोंदवा, उपचाराच्या गप्पा मग.

बल्ब बराच आकसलाय. कोंब चार सेंटिमीटरचा झाल्यावर त्याच्या बुडातून दोन मुळं निघाली, टोकाला हिरवी. फुलांचं मी सध्या मनातही आणत नाही. विक्रेत्याच्या पानावर माझा तक्रारीचा अभिप्राय दिसत नाही, कोंबाचा तो फोटो मात्र अजून आहे, खाली 'शेवटचं एकच रोप शिल्लक' असं लिहिलेला.