नजरेच्या कीबोर्डवर दिग्दर्शन: टोबी डायनावॉक्सचं 'पीसी-आय' कितपत साथ देतं?

सायमन फिट्झमॉरिस या आयरिश दिग्दर्शकाला मोटर न्यूरॉन डिसीज (स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी निकामी होत जाणारा आजार) झाल्याचं 2008 मध्ये कळलं, तेव्हा त्याची पस्तिशीही उलटली नव्हती. 2010 मध्ये श्वास अडला, तो व्हेंटिलेटरवर गेला. हातपाय गेले, बोलणं गेलं, डोळे तेवढे राहिले. त्या डोळ्यांनी अक्षरं टिपून त्यानं आत्मकथन लिहिलं आणि 'माय नेम इज एमिली' हा पूर्ण लांबीचा चित्रपट दिग्दर्शित केला. 2015 मध्ये तो महोत्सवात दाखवला गेला. 2017 मध्ये सायमन गेला. (नजरेनं टाइप करायच्या अशा यंत्राशी अनेकजण भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांचं नाव जोडतात. ते मात्र नजरेनं नाही, गालाच्या स्नायूच्या हालचालीनं टाइप करत.)

त्याची गोष्ट वाचून अशा रुग्णांच्या घरचे लोक थेट यंत्राची किंमत विचारतात. पण खोक्यातून जे येतं, ते निम्मंच काम करतं.

टोबी डायनावॉक्स या कंपनीचं पीसी-आय म्हणजे मॉनिटरच्या खालच्या कडेला चिकटणारी, फूटपट्टीहून किंचित आखूड अशी पट्टी. ती डोळ्यांवर अवरक्त प्रकाश टाकते. बुबुळावरची चमक आणि बाहुलीचा मध्य यांतल्या अंतरावरून नजर कुठे आहे ते काढते. विंडोज लागतं. चेहरा पडद्यापासून 60 ते 65 सेंटिमीटरवर असला की काम नीट होतं. मान किंचित कलली तरी सांभाळून घेते आणि एका डोळ्यावरही चालते. पट्टी म्हणून तक्रारीला फारशी जागा नाही.

घोळ होतो तो स्टँडमध्ये. रुग्ण खुर्चीत असो वा पलंगावर, पडदा चेहऱ्याला समांतर हवा. रुग्ण 30 अंश मागे रेलला असेल तर पडदाही तेवढाच पुढे झुकवावा लागतो. टेबलावर सरळ उभा केलेला लॅपटॉप पट्टीला फक्त पापण्या दाखवतो. घरोघरी 'मशीन पकडतच नाही' म्हणतात त्यामागे बहुतेकदा हेच असतं. व्हेसा प्लेटचा (मॉनिटर मागून स्क्रूनं बसवायची पट्टी), चाकांचा, जड बुडाचा स्टँड घ्या. कोन जमला की सांध्यांवर मार्करनं खूण करा, कारण कूस बदलताना दिवसातून चार वेळा तो हलवावा लागेल. श्वासाला आधार देणाऱ्या बायपॅप यंत्राचा मास्क गालावर चढून खालची पापणी वर ढकलत असेल तर आधी मास्क बदलून बघा.

कॅलिब्रेशनची, म्हणजे पडद्यावरच्या बिंदूंशी नजर जुळवून घेण्याची, सुरुवात पाच बिंदूंनी करा, नऊ नंतर. प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच काचेतून जवळचं-लांबचं दाखवणारा) असेल तर एकाच अंतराचा वेगळा करून घ्या. यंत्राकडे टक लावून माणूस पापणी मिटायला विसरतो, डोळे कोरडे पडतात आणि दुपारपर्यंत नेम चुकू लागतो. डोळ्यांचे थेंब डॉक्टरांना विचारून हाताशी ठेवा. डोळे बहुधा शेवटपर्यंत टिकतात, पण व्हेंटिलेटरवर वर्षं काढलेल्या काहींच्या नजरेची हालचालही मंदावते. म्हणजे लिहायचं ते आत्ताच सुरू करायला हवं.

मराठी टायपिंग हा खरा कस. विंडोजचा ऑन-स्क्रीन कीबोर्ड मराठी इन्स्क्रिप्ट या कळांच्या मांडणीवर टाकून मोठा ताणला की चालतो, पण 'प्रकाश' लिहायला शिफ्ट धरून सात वेळा नजर रोखावी लागते (कळीवर नजर थोडा वेळ स्थिर ठेवली की ती दाबली जाते). एका कळीला 0.7 सेकंद धरले तरी पाच सेकंद, वर नजर हलवायचा वेळ वेगळा. रोमनमध्ये लिहून देवनागरी पर्याय निवडणं वेगवान, मात्र ती पर्यायांची यादी बारीक असते. डिस्प्ले स्केलिंग (पडद्यावरचं सगळं मोठं दाखवणारी सेटिंग) 150 टक्क्यांवर नेल्याशिवाय नेम बसत नाही. इंग्रजीतही नजरेनं मिनिटाला पाच-दहा शब्द हा सर्वसाधारण वेग, मुरलेला माणूस वीसपर्यंत जातो. म्हणून पटकथेतली पात्रांची नावं, 'अंतर्गत/दिवस', 'कट टू' यांना ऑटोकरेक्टमध्ये दोन-दोन अक्षरांचे संक्षेप लावून ठेवा.

आवाजाच्या बाबतीत मराठी माणूस उघड्यावर पडतो. एज ब्राउझरमध्ये आरोही आणि मनोहर हे चांगले मराठी आवाज आहेत, पण ते इंटरनेटवर अवलंबून. संवादाच्या सॉफ्टवेअरला विंडोजमध्ये बसवलेला आवाज लागतो. ई-स्पीक हा संगणकी आवाज बसवता येतो, तो पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा वाटतो. त्यापेक्षा वाचा शाबूत असतानाच स्वतःच्या आवाजात वाक्यं रेकॉर्ड करून घ्या. 'पुन्हा एकदा', 'थोडं हळू', 'छान, पुढे', 'थांबा, मला सांगायचंय' अशी शंभरेक वाक्यं, प्रत्येकाची वेगळी वेव्ह फाइल, शांत खोलीत. मग ती बटणांना जोडा. हे काम पुढे ढकललं की हातचं जातं.

सेटवर दोन अडचणी. पहिली म्हणजे ऊन: सूर्यप्रकाशातही अवरक्त किरण असतात, त्यात पट्टी आंधळी होते. काळ्या कापडाचा तंबू लागतोच. व्हेंटिलेटरचा आवाज माइकमध्ये येऊ नये म्हणूनही तंबू कॅमेऱ्यापासून दूर हवा. चित्र केबलनं आत आणा. दुसरी अडचण तिथेच सुरू होते. कॅमेऱ्याचं चित्र त्याच पडद्यावर खिडकीत लावलं, तर शॉट पाहताना नजर जिथे रेंगाळेल तिथे क्लिक होतो. त्यामुळे चित्रासाठी वेगळा मॉनिटर, नजरेच्या टप्प्यात, मान न वळवता दिसेल असा. आणि नजर-नियंत्रण थांबवायचं बटण कायम एकाच कोपऱ्यात. शिवाय एक सहायक असा हवा, जो वाक्य पूर्ण होईपर्यंत गप्प राहील आणि स्वतः पूर्ण करून टाकणार नाही. तो कुठल्याही पॅकेजमध्ये येत नाही.

संकलनात टाइमलाइनवर नजरेनं कापाकापी करू नका, त्यात जीव जातो. जे-के-एल (मागे, थांबा, पुढे) या कळा मोठ्या बटणांवर घ्या, टाइमकोड (चित्रफितीतली नेमकी वेळ) नोंदवा, कापण्याचं काम संकलकाला द्या.

पैशांचं बोलायचं तर पट्टी, संगणक, स्टँड मिळून हिशोब लाखांत जातो. तिची स्वस्त बहीण 'आय ट्रॅकर 5' व्हिडिओ गेमसाठी विकली जाते. 'ऑप्टिकी' या मोफत सॉफ्टवेअरसोबत तिच्यावर टायपिंग होतं, पण माऊसला पर्याय म्हणून कंपनी ती विकत नाही, त्यामुळे अडलात तर मदतीची आशा धरू नका. नवा आयपॅड घरात असेल तर त्यातली 2024 पासूनची नजर-सोय आधी करून बघा. पटकथेला ती तोकडी पडते, नजरेनं बटण दाबणं झेपतं का हे मात्र फुकटात कळतं.

काहीही घेतलं तरी ए-3 आकाराची पारदर्शक ॲक्रिलिकची पाटी करून ठेवा; वीज गेली, विंडोज अपडेटला बसलं की तीच कामाला येते. कडेनं अक्षरांचे आठ गट लिहा: स्वर, क-वर्ग ते प-वर्ग, उरलेल्या व्यंजनांचे दोन. पहिल्या नजरेत गट, दुसऱ्या नजरेत गटातलं स्थान. मधला भाग कापून मोकळा ठेवा, समोरच्याला डोळे तिथूनच वाचायचे असतात.