आयरिश पूर्वज शोधायचे तर सुरुवात कुठून: कॉर्क की लोवेल?

लेकीच्या शाळेतून वंशवृक्षाचं काम आलं, तेव्हा माझ्या बाजूला छापील कुलवृत्तांत तयार होता. बायकोच्या बाजूला फक्त खापरपणजोबांचं नाव, जॉन सलिव्हान, आणि 'कॉर्कहून आले' एवढंच; कॉर्क म्हणजे आयर्लंडमधली एक काउंटी, आपल्या जिल्ह्यासारखी. अशा वेळी दोन वाटा असतात. थेट आयर्लंडची दफ्तरं उघडायची, नाहीतर माणूस अमेरिकेत जिथे स्थिरावला (आमच्या बाबतीत मॅसॅच्युसेट्समधलं लोवेल) तिथल्या कागदांत आधी बसायचं. मी दोन्ही करून पाहिल्या.

आयर्लंडचा मोह मोठा, कारण घरबसल्या फुकट बरंच मिळतं. तिथल्या नॅशनल लायब्ररीने 2015 साली कॅथलिक चर्चची साधारण 1880पर्यंतची रजिस्टरं ऑनलाइन खुली केली. 1901 आणि 1911ची जनगणनाही मोफत पाहता येते. त्याआधीच्या जनगणना जवळजवळ उरलेल्याच नाहीत: काही सरकारनेच नष्ट केल्या, बाकीच्या बहुतेक 1922मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातल्या दफ्तरखान्यात जळाल्या. सर्वांच्या जन्माची सरकारी नोंद 1864पासूनची. त्यामुळे 1840च्या दशकातल्या बटाट्याच्या दुष्काळातल्या पिढीसाठी मुख्य भिस्त चर्चच्या रजिस्टरांवरच.

आणि तिथेच मी अडकलो. पश्चिम कॉर्कमध्ये सलिव्हान म्हणजे अख्खी भावकीच. त्यात नोंदी लॅटिनमध्ये, शाई उडालेली. एकाच पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, चार वर्षांत तीन 'जोआनेस (जॉनचं लॅटिन रूप) सलिव्हान', त्यातल्या दोघांच्या आईचं नाव मेरी. वय जुळणारा एक मी धरला आणि त्याची भावंडं, आईवडील लावण्यात अख्खा हिवाळा घातला. सासूबाईंना वाडीचं नावसुद्धा सांगून बसलो. मग 1901च्या जनगणनेत तोच जॉन दिसला, त्याच वाडीत, त्याच भावाबरोबर. तो कधी बोटीवर चढलाच नव्हता. 'ते आपले नव्हेत' हे सासूबाईंना फोनवर सांगणं फार जड गेलं.

अमेरिकेकडच्या कागदांतही वैताग आहेच. जनगणनेत जन्मस्थळ नुसतं 'आयर्लंड', 1906च्या आधीच्या नागरिकत्वाच्या कागदांतही बहुधा तेच. पण मॅसॅच्युसेट्सच्या मृत्यूनोंदीत आईवडिलांची नावं असतात, नशीब असेल तर आईचं माहेरचं आडनावही. बाप्तिस्म्याचे साक्षीदार अनेकदा गावाकडचेच निघतात. बॉस्टनच्या 'पायलट' या वृत्तपत्रात 1831 ते 1921 हरवलेल्या नातलगांच्या शोधाच्या जाहिराती येत. 'अमुक पॅरिशचा, अमुक साली निघालेला माझा भाऊ' अशा त्या वाचताना घसा दाटतो.

खापरपणजोबा लोवेलच्या कापड गिरणीत होते. त्यांच्या थोरल्या बहिणीची कबर तिथल्या जुन्या दफनभूमीत आहे. दुपारी त्या दगडावर काहीच वाचता येईना. पाच वाजता तिरकं ऊन पडलं तशी अक्षरं उठली: काउंटी कॉर्क, पॅरिश ड्रिमोलीग. मी पॅरिशच चुकीची धरली होती.

आडनाव दुर्मीळ असेल किंवा वाडीचं नाव घरात माहीत असेल, तर थेट आयर्लंड गाठायला माझी हरकत नाही. सलिव्हान, मर्फी, मकार्थी असेल तर मात्र, निदान माझ्या अनुभवावरून, आधी अमेरिकेतले मृत्यूदाखले आणि कबरी बघा. वेळ लागतो, एक-दोनदा प्रत्यक्ष जावंही लागतं.

आयरिश रजिस्टरांत मुलाच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव असतं. आमच्या मृत्यूदाखल्यात ते हर्ली होतं. ड्रिमोलीगच्या पानांवर मग एकच जोआनेस उरला.