फोमचा स्नो रेक: हरितगृहाच्या छतासाठी उत्तम, भिंतींसाठी अपुरा

परसातील लहान हरितगृहावर साचणारा बर्फ उतरवण्यासाठी मी फोमच्या पात्याचा आणि लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या अॅल्युमिनियमच्या दांड्याचा स्नो रेक घेतला, आणि जड, ओल्या हिमवृष्टीतही तो भरपूर वापरून पाहिला. छतापुरते बोलायचे तर हे साधन पैसे वसूल करून देते. मात्र वेष्टनावर ‘हरितगृहासाठी संपूर्ण उपाय’ असे जे छापले आहे, ते मान्य करता येत नाही, कारण छतावरून ओढलेला बर्फ नाहीसा होत नाही. तो भिंतीच्या पायाशी येऊन पडतो आणि खरे कष्टाचे काम तिथूनच सुरू होते.

हे साधन लागतेच कशाला, असे वाटणाऱ्यांनी वजनाचा विचार करावा. ताज्या, भुसभुशीत बर्फाचे वजन एका घनमीटरला साधारण 50 ते 100 किलो असते, तर ओला, दबलेला बर्फ सहज 300 किलोच्या पुढे जातो. म्हणजे 30 सेंटीमीटर जाडीचा ओला थर प्रत्येक चौरस मीटरवर 90 किलोंहून अधिक भार टाकतो. हलक्या सांगाड्याच्या हरितगृहाला हा भार झेपेलच असे नाही. त्यातही आतून तापवले न जाणारे हरितगृह असेल, किंवा दुहेरी भिंतीच्या पॉलिकार्बोनेटचे (कठीण, पारदर्शक प्लास्टिकचे) छत असेल, तर आतली ऊब वरपर्यंत फारशी पोहोचत नाही आणि बर्फ आपोआप वितळून घसरेल ही आशा व्यर्थ ठरते.

या रेकचा सर्वांत मोठा गुण म्हणजे त्याचे पाते. पॉलिकार्बोनेटच्या पत्र्याच्या बाहेरच्या बाजूस अतिनील किरणांपासून बचाव करणारा अतिशय पातळ थर असतो. तो खरवडला गेला की पत्रा पिवळा पडू लागतो आणि ठिसूळ होतो. घराच्या छतासाठी मिळणारे धातूच्या पात्याचे रेक म्हणूनच इथे अजिबात चालत नाहीत. फोम पाणी शोषत नाही, त्यामुळे तो गोठून दगड होत नाही, आणि कडाक्याच्या थंडीत थोडा ताठरला तरी त्याची कड पत्र्यावर ओरखडा उठवत नाही. एक गोष्ट मात्र जवळून पाहण्यासारखी आहे: पाते जमिनीवर टेकवून ठेवले की फोमच्या खालच्या कडेत वाळूचे बारीक कण रुतून बसतात, आणि पुढच्या वेळी ओरखडे पडतात ते या कणांनी. वापरण्यापूर्वी कडेवरून एकदा हात फिरवावा. पाते दांड्याला जोडणाऱ्या बोल्टचे डोकेही फोम झिजल्यावर उघडे पडण्याची शक्यता आहे, तेव्हा त्यावरही लक्ष असू द्यावे.

वापरण्याची पद्धत माहितीपुस्तिकेत दोन ओळींत उरकली आहे, ती पुरेशी नाही. वळचणीच्या कडेपासून सुरुवात करून थोडा थोडा बर्फ ओढत कण्याकडे, म्हणजे छताच्या माथ्याकडे, सरकावे, आणि एक उतार पूर्ण मोकळा करून मग दुसऱ्याकडे वळण्याऐवजी दोन्ही उतारांवर आळीपाळीने काम करावे, कारण एकाच बाजूला राहिलेला भार सांगाड्याला समान भारापेक्षा अधिक पिळतो. अगदी पत्र्यापर्यंत खरवडण्याची गरज नाही. बोटभर थर राहिला तर तो उन्हाने जातो. हवा खेळण्यासाठी छतात असलेल्या झडपेपाशी विशेष जपावे लागते. मेणाच्या नळकांड्यावर चालणारी स्वयंचलित झडप असेल, तर स्वच्छ उन्हाच्या दिवशी आतली हवा तापून मेण प्रसरण पावते आणि झडप वरच्या बर्फासकट उघडू पाहते. त्यात तिचा दांडा वाकतो. हिवाळ्यात ही यंत्रणा सोडवून झडप बंद ठेवणे चांगले. तसे केले तरी रेकचे रुंद पाते झडपेच्या चौकटीत अडकतेच, ही या रचनेची उणीव आहे.

दांडा ही दुसरी उणीव. लांबी पक्की करणारे स्प्रिंगचे बटण ओल्या बर्फात काम केल्यानंतर भोकातच गोठते आणि हातमोजे काढल्याशिवाय दबत नाही. काम संपताच दांडा पुसून घरात आडवा ठेवला तर हा त्रास टळतो, पण या किमतीच्या साधनात उत्पादकाने अधिक चांगला खटका द्यायला हवा होता. दांडा धातूचा असल्यामुळे वरून विजेची तार जात असेल तिथे तो पूर्ण लांबवू नये, ही सूचना पुस्तिकेत ठळक अक्षरांत असायला हवी होती. ती शेवटच्या पानावर बारीक टाइपात आहे.

आता भिंतींविषयी. छतावरचा आणि आभाळातून पडलेला असा दोन्ही बर्फ बाजूला साचून काचेच्या निम्म्या उंचीपर्यंत येतो, तेव्हा आधीच अपुरा असलेला हिवाळी प्रकाश रोपांपर्यंत पोहोचत नाही आणि ढिगाचा आडवा दाबही वाढतो. अॅल्युमिनियमच्या चौकटीत काचा बहुधा स्प्रिंगच्या चिमट्यांनी धरलेल्या असतात. आडव्या दाबासाठी ते बनवलेलेच नसतात. हा ढीग उचलणे रेकला जमत नाही. त्यासाठी प्लास्टिकच्या पात्याचे रुंद फावडे हवे, आणि भिंतीलगतचा शेवटचा वीतभर बर्फ मऊ झाडूने बाहेर लोटावा. बर्फ फेकणारे यंत्र वापरणाऱ्यांनी त्याचे तोंड काचेकडे कधीही वळवू नये, कारण बर्फासोबत खडेही उडतात. काढलेला बर्फ उताराच्या दिशेने टाकावा, नाहीतर दुपारी वितळलेले पाणी रात्री सरकत्या दाराच्या खाचेत गोठते. दार मोकळे करायला मीठ टाकण्याचा मोह टाळावा. ते मातीलाही बाधते आणि अॅल्युमिनियमलाही. गरम पाणी तर गार काचेवर ओतूच नये, ती तडकते. ज्या बाजूने ऊन येतच नाही, तिथे पायापाशी थोडा बर्फ राहू दिला तरी हरकत नाही, कारण त्यात अडकलेली हवा थंडी रोखते.

वर घट्ट बर्फाचे कवच धरले असेल तर फोमचे पाते नुसते घसरते. हे साधन बर्फ पडत असताना किंवा थांबताच वापरायचे आहे. प्लास्टिक कापडाचे हरितगृह असलेल्यांनी ते घेऊ नये, त्यांना आतून मऊ झाडूने कापड हळूच उचलून बर्फ घसरवणे अधिक सोपे पडते. पॉलिकार्बोनेटचे किंवा काचेचे छत असून कणा हाताच्या पोचेबाहेर असेल, तर त्यांनी हा रेक जरूर घ्यावा आणि त्याच खेपेला प्लास्टिकचे फावडेही घ्यावे.