रिफायनरीच्या नफ्यावरचा ऑनलाइन कोर्स: घ्यावा का?

क्रूड, म्हणजे कच्चं तेल, महागलं की रिफायनरीवाल्यांची चांदी, हे मी इतकी वर्षं धरूनच चाललो होतो. हा साधारण नऊ तासांचा रेकॉर्डेड कोर्स घेतला आणि तिसऱ्याच व्हिडिओत तो समज गेला. रिफायनरीला क्रूड हा कच्चा माल, म्हणजे खर्च. कमाई असते ती क्रूड आणि त्यातून निघणारा माल यांच्या भावातल्या फरकावर, त्यामुळे क्रूड 50 डॉलर असो नाहीतर 100, मधे उरतं किती तेवढंच बघायचं.

सर आधी 3-2-1 क्रॅक स्प्रेड घेतात, म्हणजे तीन बॅरल क्रूडमधून दोन बॅरल पेट्रोल आणि एक बॅरल डिझेल निघतं असं धरून काढलेला भावातला फरक, आणि गणित स्क्रीनवर हाताने सोडवतात. समजा क्रूड 80 डॉलर बॅरल, पेट्रोल गॅलनला 2.40, डिझेल 2.50. बॅरलचे गॅलन 42, म्हणजे पेट्रोलचा बॅरल पडला 100.80 ला आणि डिझेलचा 105 ला. दोन पेट्रोल, एक डिझेल मिळून 306.60, त्यातून तीन बॅरल क्रूडचे 240 गेले, उरले 66.60, म्हणजे बॅरलमागे 22.20 डॉलर. मी वहीत हे लिहून खूश झालो तोच पुढचं वाक्य आलं की हे 22 डॉलर कुठल्याच रिफायनरीच्या हातात जसेच्या तसे पडत नाहीत.

कोर्सचा खरा जीव इथे आहे. बॅरलमधून नुसतं पेट्रोल-डिझेल निघत नाही, एलपीजी निघतो, नाफ्था निघतो आणि तळाला उरतं फर्नेस ऑइल, जे बहुतेक वेळा क्रूडपेक्षाही स्वस्तात काढावं लागतं, म्हणजे तेवढ्या मालावर सरळ तोटा. वर भट्ट्यांचं इंधन, हायड्रोजन बनवायला गॅस, कॅटॅलिस्ट, पगार, शिवाय दर काही वर्षांनी मोठा शटडाऊन.

सोबत एक एक्सेल शीट देतात, ती नक्की उघडा. त्यात दोन रिफायनऱ्या आहेत, साध्या रिफायनरीत 35 टक्के फर्नेस ऑइल निघतं, कोकरवाल्या (कोकर म्हणजे तळाचा जड माल तोडून हलका करणारं युनिट) रिफायनरीत 5 टक्के. मी फर्नेस ऑइलचा भाव 20 डॉलरने पाडून बघितला, तर पहिलीचं मार्जिन बॅरलमागे 7 डॉलरने खाली आलं आणि दुसरीचं फक्त एकाने! मग 1 जानेवारी 2020 पासून जहाजांच्या इंधनातल्या, म्हणजे मुख्यतः याच फर्नेस ऑइलमधल्या, सल्फरची मर्यादा 3.5 वरून 0.5 टक्क्यावर आणली तेव्हा सगळे कोकर आणि हायड्रोक्रॅकरबद्दल (हा जड तेल हायड्रोजन वापरून तोडतो) एवढं का बोलत होते ते आपोआप कळलं. जड, जास्त सल्फरवालं क्रूड स्वस्त मिळतं, पण ते पचवायची मशिनरी असेल तरच त्या स्वस्ताईचा फायदा. नेल्सन कॉम्प्लेक्सिटी इंडेक्स, म्हणजे रिफायनरीची मशिनरी किती गुंतागुंतीची आहे ते सांगणारा आकडा, तोपण याच ओघात समजावलाय, उगाच व्याख्या पाठ करायला लावलेली नाही.

आता तक्रार. इन्व्हेंटरी गेन-लॉस हा विषय जेमतेम चार मिनिटांत उरकलाय आणि ते मला अजिबात पटलं नाही. क्रूड विकत घेतल्यापासून माल विकला जाईपर्यंत कित्येक आठवडे जातात, तेवढ्यात भाव चढला तर जुन्या स्वस्त साठ्यावर कागदोपत्री मार्जिन फुगतं आणि पडला तर बुडतं, 2020 च्या मार्च-एप्रिलमध्ये भाव कोसळले तेव्हा जगभरच्या रिफायनऱ्यांना हाच फटका बसला होता. तिमाही निकाल वाचणाऱ्याला याचीच सगळ्यात जास्त गरज असते, जीआरएमचा (ग्रॉस रिफायनिंग मार्जिन, बॅरलमागची ढोबळ कमाई) आकडा बघितला की त्यातलं साठ्यामुळे किती आलं आणि खऱ्या कामातून किती, हे वेगळं काढता यायलाच हवं. इथे एक अख्खा धडा पाहिजे होता. आणि पाचव्या क्विझमध्ये गॅलनच्या भावाला 42 ने गुणायचंच राहिलंय, त्यामुळे बरोबर उत्तर दिलं तरी चूक दाखवतं. दोनदा कळवलं, अजून दुरुस्त केलेलं नाही.

माझ्याकडून पाचपैकी चार. केमिकल इंजिनिअरिंगवाल्यांना पहिले दोन तास सोडून दिले तरी चालतील, बाकीच्यांनी मात्र क्रमानेच बघा आणि तळाच्या मालाचा धडा आला की शीट शेजारी उघडी ठेवा.