हेलिऑस ४४-२: बागेतल्या फुलांसाठी जुनी रशियन लेन्स

फुलांचे मऊ, धूसर बॅकग्राउंडवाले फोटो आवडत असतील ना तर ही जुनी सोव्हिएत लेन्स एकदा लावून बघाच. फोकल लेंथ ५८ मिमी, अ‍ॅपर्चर म्हणजे आतलं छिद्र एफ २ पर्यंत मोठं उघडतं, झाइस या जर्मन कंपनीच्या बायोटार लेन्सवर बेतलेली, मिररलेस कॅमेऱ्यावर एम ४२ चा (म्हणजे या लेन्सच्या स्क्रूच्या आट्यांचा) अडॅप्टर लावला की झालं. नाशिकच्या थंडीत आमच्या गच्चीवर गुलाब आणि शेवंती काय फुलतात, सकाळी पाकळ्यांवर दव असतं, मागे कडुनिंबाच्या पानांतून ऊन येतं, आणि एफ २ वर ते उन्हाचे ठिपके फुलाभोवती अक्षरशः गरगर फिरल्यासारखे दिसतात, मोबाईलच्या पोर्ट्रेट मोडला हे जमत नाही, तिथे पाकळीची कडच खाल्ली जाते. मागची झाडं मात्र जरा लांब हवीत, भिंतीला चिकटलेल्या कुंडीचा फोटो सपाटच येतो. फोकस हाताने. वारा असला की फार पेशन्स लागतो, मी रिंग तशीच ठेवून स्वतःच हळूहळू पुढेमागे होते. फोकस जवळात जवळ अर्ध्या मीटरवर होतो, त्यामुळे सदाफुलीसारखं फूल फ्रेममध्ये इवलंसं दिसतं, त्यासाठी एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारी पोकळ नळी, तिने आणखी जवळून फोकस होतो) घ्याच. आणि सेकंडहँड घेताना काचेत बुरशी नाही ना ते टॉर्च मारून बघा, आपल्याकडच्या पावसाळ्यात ती वाढत जाते.